त्या ग्रेड तिच्याच आहेत

वाचक आईचं पत्र:

नमस्कार. आम्ही रेडिंगला राहतो, मूळचे नाशिकचे. आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल लागला. मॅथ्स आणि भूगोलात ९, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीत ८. कोविडमुळे परीक्षा झालीच नाही, शाळेने दिलेल्या ग्रेड. तरी घरात पेढे आले, नाशिकला फोन झाले. सप्टेंबरमध्ये सिक्स्थ फॉर्म, म्हणजे ए लेव्हलची दोन वर्षं, आपल्याकडची अकरावी-बारावी, सुरू झाला. मॅथ्स आणि बायॉलॉजीबरोबर तिला केमिस्ट्रीऐवजी भूगोल घ्यायचा होता, पण मेडिसिनला अडचण नको म्हणून आम्ही केमिस्ट्री घ्यायला लावली. पहिल्याच चाचणीत ई, म्हणजे जेमतेम पासाची ग्रेड, आली. घरी येऊन म्हणाली, "माझ्या ग्रेड खऱ्या नव्हत्याच. आता सगळ्यांना कळेल." त्यावर हे बोलून गेले, "फुकट मिळालेल्या मार्कांचं असंच होतं. आम्ही बोर्डाची परीक्षा देऊन वर आलो." तेव्हापासून ती त्यांच्याशी धड बोलत नाही. खोलीत बसून असते, रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असतो. सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "काय डॉक्टरीणबाई, अभ्यास कसा चाललाय?" विचारतात आणि ती उठून जाते. तिला ट्यूशन लावू का? केमिस्ट्री सोडू द्यावी का? आणि या बापलेकींच्या मध्ये मी काय करू?

– एक आई, रेडिंग (ऑक्टोबर २०२१)

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते. पण आधी तुमच्या मुलीच्या त्या वाक्याबद्दल बोलू या. मी इथे सिक्स्थ फॉर्मच्या मुलांना शिकवते, आणि या सप्टेंबरपासून "माझ्या ग्रेड खऱ्या नव्हत्या" हे वाक्य वेगवेगळ्या मुलांकडून ऐकते आहे. बहुतेक वेळा ते मनापासून अभ्यास करणाऱ्या मुलांकडूनच येतं. ज्यांना फारसं काही वाटत नाही, ती मुलं मिळालेली ग्रेड घेऊन पुढे गेली आहेत.

गेलं दीड वर्ष तिच्या जागी बसून बघा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती इयर टेनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नववीत होती. जूनच्या मध्यावर थोडी मुलं परत आली, तीसुद्धा एका वेळी पाव वर्ग. सप्टेंबरमध्ये शाळा पूर्ण उघडल्या, पण कुणाला कोविड निघाला की सगळा 'बबल', म्हणजे एकत्र ठेवलेला मुलांचा गट, दोन आठवडे घरी. ४ जानेवारी २०२१ च्या रात्री पुन्हा लॉकडाऊन जाहीर झाला, आणि दोन दिवसांनी त्या वेळचे शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी संसदेत सांगितलं की उन्हाळ्यातल्या परीक्षा होणार नाहीत. ८ मार्चला मुलं वर्गात परतली. त्यानंतर बऱ्याच शाळांत चाचण्यांमागून चाचण्या झाल्या. त्या, आधीच्या मॉक म्हणजे सराव परीक्षा आणि वर्गातलं काम असं सगळं बघून शिक्षकांनी ग्रेड ठरवल्या आणि १८ जूनपर्यंत परीक्षा मंडळांकडे पाठवल्या.

यातलं फुकट काय होतं? तुम्हाला-मला ठरलेल्या तारखा माहीत होत्या. त्या दिवसांची तयारी करायची, ते संपले की सुटलो. हिला मात्र कुठली चाचणी धरली जाईल आणि कुठली नाही याचा पत्ता नव्हता, म्हणून प्रत्येक चाचणी शेवटची समजून लिहायची. त्यातच आदल्या उन्हाळ्यात तिने मोठ्या मुलांचे हाल पाहिलेले. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारी गणिती सूत्राने इंग्लंडमधल्या जवळपास चाळीस टक्के ए लेव्हल ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आणल्या, मुलं रस्त्यावर उतरली आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, तो निर्णय मागे घ्यावा लागला. ग्रेड म्हणजे वरचं कुणीतरी देतं आणि काढूनही घेऊ शकतं, हे त्या वयात बघितलेल्या मुलीला स्वतःच्या ९ वर विश्वास ठेवणं जड जाणारच.

एक गोष्ट तिच्यापासून लपवू नका. २०२१ मध्ये ग्रेड एकूणच वर गेल्या, हे खरं आहे. २०१९ मध्ये जीसीएसईच्या साधारण २१ टक्के ग्रेड ७ किंवा वर होत्या, २०२१ मध्ये जवळजवळ २९ टक्के. हे आकडे तिला ठाऊक असणार, वर्गातल्या सगळ्यांनाच ठाऊक आहेत. "नाही गं, तुझ्या ग्रेड शंभर टक्के खऱ्या" असं नुसतं गोंजारलंत तर तुमचं बोलणं तिला पोकळ वाटेल. तिला असं सांगा: देशभराचा आकडा तुझ्या वहीबद्दल काहीच सांगत नाही. तुझ्या शिक्षकांनी तुझं काम पाहून ग्रेड दिली, ती तुझी आहे. तुझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या आहेत. काही धडे नीट शिकवलेच गेले नाहीत, आणि मोठ्या हॉलमध्ये बसून खरी परीक्षा द्यायचा सराव झाला नाही. या दोन्ही गोष्टी भरून काढता येतात आणि दोन्हींत तुझा दोष नाही.

तुमच्या मुलीने या सगळ्याचं एकच गाठोडं बांधलं आहे: ई आली म्हणजे ८ खोटी, ८ खोटी म्हणजे मीच खोटी. हे गाठोडं सोडवणं हे या घडीला तुम्हा दोघांचं मुख्य काम आहे.

आता तिच्या बाबांकडे येते. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे मला समजतं. महाराष्ट्रातून बोर्डाच्या मार्कांवर पुढे आलेल्या माणसाला परीक्षा हीच एक भरवशाची शिडी वाटते, आणि ती नसताना मुलगी वर कशी टिकेल याची त्यांना भीती वाटली असणार. पण ते वाक्य त्यांना परत घ्यावं लागेल, आणि त्यांनी स्वतः घ्यावं. तुम्ही मध्ये पडून "बाबांना तसं म्हणायचं नव्हतं" असं सांगू नका. त्याने काही भरून येत नाही, उलट बाबांना माझ्याशी बोलायचंही नाही असं तिला वाटतं. "मी तसं बोलायला नको होतं, ग्रेड तू मिळवल्या आहेस." एवढंच पुरे. पुढे 'पण' लावून उपदेश जोडायचा नाही. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातसुद्धा दहावीची बोर्डाची परीक्षा झालेली नाही, याची त्यांना आठवण करून द्या. नववीच्या आणि दहावीच्या अंतर्गत गुणांवर १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी घ्यायची ठरली होती, ती १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. नाशिकमध्ये तिच्या वयाची भावंडं असतील तर तीही याच घालमेलीत आहेत. त्यांना कुणी फुकटचे मार्क म्हटलं तर तुमच्या घरी सगळ्यांना राग येईल ना?

बाबांचं माफी मागून झालं की त्यांच्यासाठी माझ्याकडे कामही आहे. त्याकडे जरा पुढे येते.

आधी केमिस्ट्रीतली ई. ए लेव्हल केमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत जीसीएसईला ८-९ असलेली मुलं डी-ई वर येतात, हे माझ्या वर्गात कोविडच्या आधीही होत होतं. जीसीएसईत गणित पायरीपायरीने विचारतात: आधी हे काढ, मग त्यावरून ते काढ. ए लेव्हलला सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नात येतात आणि त्यांचा क्रम मुलांनीच लावायचा असतो. मोलची गणितं, घन सेंटिमीटरचे घन डेसिमीटर करणं, आदर्श वायूच्या समीकरणात तापमान केल्विनमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये घालणं. एकक चुकलं की पुढचं सगळं चुकतं. लिहायच्या प्रश्नांचंही तसंच. आयनीकरण ऊर्जा का वाढते किंवा कमी होते हे मुलाला समजलेलं असतं, पण केंद्रकाचा प्रभार, आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा आणि अंतर हे तिन्ही मुद्दे उत्तरात आले नाहीत तर गुण मिळत नाहीत. त्यावर या वर्षीची वेगळी अडचण अशी की कित्येक मुलांनी जीसीएसईचे प्रयोग फक्त स्क्रीनवर पाहिले आहेत. ब्यूरेट हातात धरलेलीच नाही, आणि इथे आता टायट्रेशन स्वतः करायचं आहे.

म्हणून ट्यूशन लावण्याआधी एक करा. चाचणीचा तपासलेला पेपर तिला काढायला सांगा आणि गमावलेल्या प्रत्येक गुणाचं कारण तिचं तिलाच शोधू द्या. हे मला कधी शिकवलंच गेलं नाही. हे शिकवलं होतं पण विसरले. हे येत होतं पण लिहिताना गेलं. तीन रंगांच्या पेनांनी खुणा करायच्या. तुम्ही शेजारी बसू नका, चहा ठेवा आणि बाहेर या. माझा अनुभव असा की तिसऱ्या रंगाच्या खुणा मुलांना वाटतात त्यापेक्षा बऱ्याच जास्त निघतात, आणि ते दिसलं की 'मीच खोटी' हा विचार आपोआप ढिला पडतो. पहिल्या रंगाच्या खुणा घेऊन तिने केमिस्ट्रीच्या शिक्षकांना ईमेल करावी. तिनेच, तुम्ही नाही. सिक्स्थ फॉर्ममध्ये पालकांच्या फोनपेक्षा मुलांची दोन ओळींची ईमेल जास्त कामाची ठरते: "मला या दोन प्रकारच्या गणितांत अडतं, या आठवड्यात लंच ब्रेकला दहा मिनिटं मिळतील का?" असं नेमकं विचारणाऱ्या मुलीला शिक्षक नाही म्हणत नाहीत. "मला केमिस्ट्रीच येत नाही" असं म्हटलं तर काय मदत करावी ते आम्हालाही समजत नाही.

ट्यूशनसाठी हाफ टर्मपर्यंत, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीपर्यंत, थांबा. महिनाभरात ती दोन अडचणींवरून पाच अडचणींवर गेली, तर खुशाल लावा. पण आत्ताच लावलीत तर तिच्या मनात एवढंच उमटेल की आईबाबांनाही माझ्या ८ वर विश्वास नाही. शिवाय वेळेचाही प्रश्न आहे. तुम्हाला तिच्या वेळापत्रकातले मोकळे तास बघून नवल वाटलं असेल. आपल्याकडे अकरावीत असे मोकळे तास म्हणजे कॅन्टीन. इथे ते अभ्यासाचेच तास धरलेले असतात. प्रत्येक विषयाला वर्गाबाहेर आठवड्याला चार-पाच तास द्यावेत अशी शाळांची साधारण अपेक्षा असते. शाळेच्या लायब्ररीत ते तास गेले, तर रात्री तो दिवा एवढा वेळ जळणार नाही. त्या तासांचं काय करते, हे मायेने विचारा, हजेरी घेतल्यासारखं नको.

आता बाबांचं काम. तुमच्या मुलीने आजपर्यंत एकही सार्वजनिक परीक्षा दिलेली नाही. ए लेव्हलचं सगळं वजन दोन वर्षांच्या शेवटी, २०२३ च्या उन्हाळ्यात येणार आहे, आणि एकेक पेपर साधारण दोन तासांचा असतो. तिला ज्याचा अनुभवच नाही, तो तिच्या बाबांकडे भरपूर आहे. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं ते काय करायचे? सगळं विसरल्यासारखं झालं तेव्हा कुठला प्रश्न आधी सोडवायचे? शेवटचा अर्धा तास कसा राखून ठेवायचे? 'आमच्या वेळी' असं न म्हणता, "मला असं व्हायचं, मग मी असं करायचो," असं सांगितलं तर ती ऐकेल. पेपर कोरा टाकून यावासा वाटला असा एखादा दिवस त्यांच्याही आयुष्यात आला असेल, तर तोच आधी सांगू द्या.

आणि तिची तयारी असेल तरच, एका शनिवारी सकाळी २०१९ चा जीसीएसई मॅथ्सचा हायर, म्हणजे वरच्या स्तराचा, पेपर तिला घरी सोडवू द्या. परीक्षा मंडळांच्या वेबसाइटवर जुने पेपर आणि त्यांच्या गुणदान योजना मोफत मिळतात. दीड तास, ८० गुण, फोन दुसऱ्या खोलीत, घड्याळ समोर. तपासायचा तिनेच. घरात कुणी गुण विचारायचे नाहीत. ९ सिद्ध करण्यासाठी हे नाही, आणि नको म्हणाली तर विषय तिथेच संपवा. पण जी परीक्षा आपल्याकडून काढून घेतली गेली ती एकदा स्वतःच्या मर्जीने देऊन बघायला काही मुलांना फार बरं वाटतं. मॅथ्स मी मुद्दाम म्हटलं. हा विषय तिने पुढे चालू ठेवला आहे, आणि ए लेव्हलच्या पहिल्या महिन्यांत जो बीजगणिताचा भाग लागतो, वर्गसमीकरणं, घातांक, करणी, त्याची उजळणीही होऊन जाते.

केमिस्ट्री सोडावी की नाही, याबद्दल माझं एक मत ठाम आहे. तो निर्णय या ई वर घेऊ नका, आणि मेडिसिनवरही घेऊ नका. तिला एकच प्रश्न विचारा: "या चाचणीत बी आली असती, तरी तुला भूगोल घ्यायचा असता का?" ती 'नाही' म्हणाली तर केमिस्ट्रीतच रुळायला तिला वेळ आणि मदत हवी आहे. 'हो' म्हणाली तर त्या 'हो'चा मान ठेवा. बहुतेक मेडिकल स्कूल केमिस्ट्री मागतात हे खरं आहे, आणि हे तिला स्पष्ट माहीत असलं पाहिजे. पण तुमच्या पत्रात तिला डॉक्टर व्हायचं आहे असं एकदाही म्हटलेलं नाही. 'आम्ही घ्यायला लावली' असं म्हटलं आहे. मॅथ्स, बायॉलॉजी आणि भूगोल हा चांगला भक्कम संच आहे. पर्यावरणशास्त्र, हवामान, शहरनियोजन, सार्वजनिक आरोग्य, असे कितीतरी रस्ते तिथून निघतात. आणि पुढे कधी वैद्यकाची ओढ लागलीच, तर पदवीनंतर चार वर्षांच्या ग्रॅज्युएट एन्ट्रीचा मार्गही या देशात आहे, कठीण असला तरी. विषय बदलायची मुदत मात्र शाळेत लगेच विचारा. बऱ्याच ठिकाणी ती ऑक्टोबरच्या आसपास संपते, आणि भूगोलाच्या वर्गाने तोपर्यंत सहा-सात आठवड्यांचं काम केलेलं असतं. ते भरून काढायची तयारी आहे का, हेही तिनेच ठरवायचं.

शेजारच्या मुलाशी तुलना टाळा, हे सांगायला नको. तरी एक कारण देते. २०२१ मध्ये ए लेव्हलच्या जवळपास ४५ टक्के ग्रेड ए किंवा ए-स्टार होत्या, २०१९ मध्ये त्या २५ टक्क्यांच्या आसपास होत्या. इंग्लंडमधल्या परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वलने सप्टेंबर २०२१ च्या शेवटी सांगितलं की २०२२ हे मधलं वर्ष धरून २०२३ मध्ये ग्रेड पुन्हा महामारीच्या आधीच्या पातळीवर आणायचा त्यांचा प्रयत्न राहील. म्हणजे तुमच्या मुलीची बॅच, जिने एकही मोठी परीक्षा दिलेली नाही, तीच जुन्या कडक मापाने मोजली जाणार आहे. ओळखीच्या कुणाला या ऑगस्टमध्ये तीन ए-स्टार मिळाले असतील, तर त्यांचं मनापासून अभिनंदन करा आणि ते माप घरी आणू नका.

सासूबाईंना रविवारच्या आधी, तिच्या माघारी फोन करा. आजीचा हेतू प्रेमाचाच आहे. "आई, काही दिवस तिला अभ्यासाचं विचारू नका, तिच्याकडून एखादी रेसिपी मागा, नाहीतर तिच्या मैत्रिणींचं विचारा," असं सरळ सांगितलंत तर त्या ऐकतील. आणि 'डॉक्टरीणबाई' हे संबोधन थांबवायला सांगा. निर्णय झालेला नसताना ती हाक तिला जड होते.

रात्रीच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. काही दिवस उशिरापर्यंत जागणं वेगळं. पण झोप सलग आठवडे उडाली, जेवण कमी झालं, शाळेत जायची टाळाटाळ सुरू झाली, किंवा 'मी नसते तर बरं' अशा अर्थाचं काही बोलली, तर हाफ टर्मची वाट बघू नका. जीपीची (फॅमिली डॉक्टरची) वेळ घ्या आणि सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांना त्याच दिवशी कळवा. पालकांसाठी मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या यंगमाइंड्स या संस्थेची मोफत हेल्पलाइन आहे, ०८०८ ८०२ ५५४४. तिला स्वतःला बोलायचं असेल तर चाइल्डलाइन, ०८०० ११११, दिवसरात्र चालू असते. हे दोन्ही नंबर फ्रिजवर लावून ठेवा, म्हणजे ते विचारण्याचा संकोच कुणाला होणार नाही. मदत घेतल्याची नोंद युनिव्हर्सिटीच्या अर्जात जाते, असा गैरसमज आपल्या लोकांत फार आहे. जीपीशी झालेलं बोलणं यूकासच्या अर्जात जात नाही.

थोड्याच आठवड्यांत पॅरेंट्स ईव्हनिंग येईल. कोविडमुळे २०२१ मध्ये बऱ्याच शाळांनी ती व्हिडिओ कॉलवर ठेवली आहे, प्रत्येक शिक्षकाला पाच मिनिटं, आणि पाच मिनिटं संपली की स्क्रीन आपोआप बंद. त्यामुळे "कशी चाललीय?" यात वेळ घालवू नका. तिला शेजारी बसवा आणि शिक्षकांना तीनच गोष्टी विचारा: जीसीएसईतला नेमका कुठला भाग तिच्या वर्गाचा राहिला आहे, तो तुम्ही कधी भरून घेणार आहात, आणि तोपर्यंत तिने आठवड्याला काय करावं. पहिला प्रश्न तिच्या बाबांना विचारू द्या. दुसरा तुम्ही विचारा. तिसरा तिने.